हिरव्या कालव्यातला काळा गोल

"साफ खोटं आहे हे!"

इरावती इतक्या मोठ्यानं ओरडली, की कालव्याच्या काठावर दीड-दीड मीटरवर आखलेल्या पांढऱ्या गोलांत एकेकटे उभे असलेले सगळे पर्यटक चमकून मागे वळले. ओरडली ती मराठीत. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही, आणि त्याचा तिला आणखीच राग आला. मग तिनं तेच वाक्य डचमध्ये फेकलं.

"मुलांनी सहलीत शांतता राखावी," रूलोफ म्हणाला. तो फेनहोवन गावातल्या जुन्या इमारती दाखवणारा गाईड. कोरोनामुळे तोंडासमोर प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा लावून, हातातली छत्री उंच धरून तो सगळ्यांना गल्लोगल्ली फिरवायचा. "तर मंडळी, हे 'तीन हेरिंग'! दारावर कोरलेले तीन मासे बघा. पूर्वी घरांना नंबर नव्हते, अशा दगडांवरूनच घर ओळखायचे. घर पुढे झुकलेलं दिसतंय ना? बांधतानाच तसं बांधलंय! वर ती तुळई आणि तिच्या टोकाची कप्पी बघा. सामान वर चढवताना भिंतीवर आपटू नये, म्हणून ही युक्ती. आजही त्या तुळईवरून पियानो चढवता येईल!"

पर्यटकांनी माना वर करून फोटो काढले.

"नीट बघून घ्या हं," रूलोफनं मघाचंच पुन्हा ऐकवलं. "सप्टेंबरपासून हे घर रिकामं होणार. फार कललंय, धोकादायक ठरलंय. काय करणार, घराचं वय झालं! आतल्या बाईंचंही झालं." आणि तो चक्क हसला.

आतल्या बाई खिडकीतच बसल्या होत्या. खिडकी उघडी होती. इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती यामुळेच!

त्या बाई म्हणजे योहाना ओमा. ओमा म्हणजे डच आजी. ऐंशी पार केलेल्या ओमा खालच्या मजल्यावर राहायच्या आणि वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची इरावतीची मंजूषामावशी, आपल्या मुलाला, अनिमेषला, घेऊन. एरवी सुट्टीत इरावती आणि तिचा धाकटा भाऊ प्रतीक पुण्याला जायचे. पण दोन हजार वीसचा तो उन्हाळा! विमानं बंद, शाळा कशाबशा उघडून पुन्हा सुटलेल्या, आणि कापेल गावातल्या घरात आई एका खोलीत लॅपटॉपसमोर, बाबा दुसऱ्या. काहीही विचारा, उत्तर एकच: "नंतर हं, मी मीटिंगमध्ये आहे!" शेवटी दोघा भावंडांची रवानगी फेनहोवनला मावशीकडे झाली. मावशीही दिवसभर मीटिंगमध्येच असायची, ही गोष्ट वेगळी.

पण इथे ओमा होत्या. मार्चमध्ये सगळं बंद पडलं, तेव्हा मावशी वरच्या तुळईच्या कप्पीवरून दोर सोडून टोपलीतून त्यांच्या खिडकीशी गरम थालीपीठ उतरवायची, आणि टोपली परत वर यायची ती सफरचंदाचा केक घेऊन. ती टोपली अजूनही तिथेच लटकत होती.

"पण त्या कुठे जाणार?" घरात शिरताच इरावतीनं विचारलं.

"आम्ही बघू दुसरं घर, पण ओमा वृद्धाश्रमात," अनिमेष हळू आवाजात म्हणाला. तो इरावतीच्याच वयाचा, तेरा वर्षांचा. "खेमेंटेनं सांगितलंय." खेमेंटे म्हणजे नगरपालिका. "आणि इरा, ओमाची बहीण अशाच एका ठिकाणी होती. एप्रिलमध्ये वारली. कुणालाही आत सोडत नव्हते. ओमाला शेवटचं भेटताही आलं नाही. तिथे जायचं म्हटलं की ती रात्रभर जागीच असते."

इरावतीनं मागचं दार दणकन लावलं. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई नेहमी म्हणायची, पण हा राग नाकावर मावणारा नव्हता.

तेवढ्यात ओमाच्या दिवाणखान्यातून प्रतीकची हाक आली. "हेई, कम कायकन! गोटी बघा!"

प्रतीक दहा वर्षांचा. मराठी त्याला सगळं कळायचं, पण तोंडातून डच आणि इंग्रजीची खिचडी बाहेर पडायची. तो फरशीवर पालथा पडला होता. त्यानं खोलीच्या मधोमध गोटी ठेवली. गोटी क्षणभर थांबली आणि गडगडत सरळ डाव्या भिंतीला जाऊन आपटली.

"त्यात काय? घर झुकलेलंच आहे," अनिमेष म्हणाला.

"नो! मे महिन्यात एकदा आलो, तेव्हा आपण इथेच गोट्या खेळलो. तेव्हा शी स्टेड. जागच्या जागी!"

इरावतीनं स्वतः गोटी ठेवून पाहिली. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही डावीकडेच.

"रूलोफ म्हणतो, घर पुढे झुकवून बांधलंय," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे रस्त्याकडे. मग गोटी बाजूला का पळतेय? आणि तीसुद्धा गेल्या तीन महिन्यांत? चारशे वर्षं उभं असलेलं घर एकदम तीन महिन्यांत म्हातारं होतं का रे?"

डाव्या भिंतीपलीकडे जुनी वखार होती. मेनेअर, म्हणजे श्रीयुत, स्टोल्क नावाचा बिल्डर तिचं हॉटेल करत होता. भोवती उंच पत्रे ठोकलेले होते आणि आत तळघराचं खोदकाम चालू होतं. स्टोल्क येता-जाता ओमाला फुलं द्यायचा आणि म्हणायचा, "घर विकायचं झालं तर मला सांगा हं. तुमची अडचण मी समजतो." याच स्टोल्कच्या पैशांवर रूलोफच्या सहली चालायच्या. शेवटी कॉफी फुकट मिळायची ती त्याच्याचकडून.

"ओमा," इरावतीनं खिडकीशी जाऊन विचारलं, "घराच्या खाली काय आहे?"

"लाकडी खांब," ओमा म्हणाल्या. "इथली जमीन म्हणजे नुसता चिखल. म्हणून हे आख्खं गाव लाकडी खांबांवर उभं आहे. माझे वडील म्हणायचे, घराचे पाय ओले ठेवा, म्हणजे घर तुम्हाला कोरडं ठेवील! जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि खांब उघडे पडले, की कुजायला लागतात. मी विचारलं होतं गं. स्टोल्क म्हणाले, दुष्काळ आहे. दोन आठवडे पाऊस नाही, त्यामुळे पाणी खाली गेलंय."

दुष्काळ तर होताच. पण प्रतीक केव्हाचा खिडकीवर चढून कालव्याकडे टक लावून बघत होता.

"मग तिथे भोक का आहे?" या वेळी तो चक्क शुद्ध मराठीत बोलला.

कालवा काठोकाठ हिरवागार होता. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर बारीक पानांचा दाट थर पसरतो, त्याला डच लोक क्रोस म्हणतात. इकडून तिकडे सगळं हिरवं, जणू चालत पलीकडे जाता येईल! फक्त वखारीच्या पत्र्यांखाली, काठाला लागून, पाण्याचा एक काळा गोल उघडा होता. त्यात दोन बदकं आरामात बसली होती.

"पाणी हलतंय तिथे," अनिमेष म्हणाला. "खालून काहीतरी ढकलतंय."

"मी बघून येते!" इरावतीनं सँडल काढायला सुरुवातसुद्धा केली.

"कपड्यांसकट?"

"मग डिप्लोमा कशाला घेतला?"

ते मात्र खरं होतं. या देशात कालवे इतके, की प्रत्येक पोराला पोहण्याचा डिप्लोमा घ्यायला लावतात, आणि त्याची परीक्षा कपडे-बूट घालूनच द्यायची असते. पाण्यात पडणारं माणूस काय पोहायचे कपडे घालून पडतं? ओमानं आधी जोरजोरात मान हलवली. मग इरावतीचा चेहरा बघितला आणि एकच अट घातली: कमरेला दोर, दोराचं टोक अनिमेषच्या हातात, आणि स्वतः ओमा खिडकीत.

मजूर जेवायला गेल्यावर इरावती पायऱ्यांवरून पाण्यात उतरली. हिरवा चिखलट थर गळ्यापर्यंत आला. शी! वरचं पाणी उन्हानं कोमट झालं होतं. ती काळ्या गोलापाशी पोचली मात्र, आणि किंचाळली, "बापरे! बर्फ!"

गोलातलं पाणी थंडगार होतं. तिनं पाय खाली सोडला, तर तळव्यावर पाण्याचा जोरदार झोत बसला. चाचपडून पाहिलं तेव्हा हाताला मांडीएवढा जाड रबरी पाइप लागला. दगडी काठातल्या एका जुन्या गटाराच्या तोंडातून तो बाहेर आला होता आणि त्याचं तोंड मुद्दाम पाण्याखाली बुडवलेलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा केसांपासून घोट्यांपर्यंत हिरवी झाली होती. पण बोलताना दात वाजत होते, ते थंडीनं नव्हे, संतापानं!

"चोर! इतकं थंड म्हणजे जमिनीखालचंच पाणी! स्टोल्क तेच उपसतोय! तळघर कोरडं राहावं म्हणून! ओमाच्या घराचे पाय उघडे पाडतोय, वर फुलं देतोय आणि स्वस्तात घर मागतोय!"

"स्टोल्क नगरपालिकेला लिहून देऊन बसलाय, की पाणी न उपसता खोदणार," ओमा म्हणाल्या. "सगळ्या शेजाऱ्यांना तसं कळवलं होतं."

इरावतीनं ओल्या कपड्यांतच नगरपालिकेला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज आला. तिनं सगळं सांगितलं. गोड आवाज म्हणाला, "किती छान डच बोलतेस! आईला फोन दे हं, बाळ."

"आई मीटिंगमध्ये आहे!"

"मग आईची मीटिंग संपली की कर."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ओमा स्वतः बोलल्या, तेव्हा कुठे तपासनीस पाठवायचं कबूल झालं. मंगळवारी! "कोरोनामुळे आधी वेळ ठरवूनच येतो आम्ही," गोड आवाजानं सांगितलं. "मेनेअर स्टोल्कनाही कळवून ठेवतो."

"चोराला सांगून चोरी पकडायला येणार!" इरावतीनं उशीवर दणकन गुद्दा मारला.

आणि झालंही तसंच. मंगळवारी सकाळी प्रतीक खिडकीतून ओरडला, "भोक इज वेख! गेलं!" काळा गोल हिरव्या पानांनी पार बुजून गेला होता. मास्क लावलेला तपासनीस आला, पत्र्यांच्या आत डोकावला आणि स्टोल्कशी हसून बोलला. इरावतीनं त्याला वाट अडवून पाइपाबद्दल सांगितलं, तर म्हणाला, "पाइप जुना असेल. आत पंप चालू नाही, मी पाहिलं. उन्हाळा कोरडा आहे, बेटा." आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. संध्याकाळपर्यंत काळा गोल पुन्हा उघडला आणि बदकंही परत आली.

"इरा, जेवायला चल," मावशीनं हाक मारली. "आणि हे बघ, मोठ्या माणसांशी जरा शांतपणे बोलावं. रागानं काही होत नाही."

"शांतपणे बोलूनच तर काही होत नाहीये, मावशी! तुला माहीत आहे का, तुझ्या पायाखाली काय चाललंय?"

"सांग ना," मावशी म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा लॅपटॉप वाजला. "एक मिनिट हं."

इरावती दाण दाण पावलं वाजवत पोटमाळ्यावर गेली. तिथल्या छोट्या खिडकीबाहेर तुळई होती, तुळईला कप्पी, कप्पीवर दोर आणि दोराला टोपली. तिनं दोर ओढून पाहिला, तोवर अनिमेष मागोमाग वर आलाच.

"अनिमेष," ती म्हणाली, "रूलोफ काय म्हणतो रोज? या तुळईवर पियानो चढेल! मग पाइप नाही चढणार?"

अनिमेषच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "शनिवारच्या सहलीला वेथाउडरबाई येणार आहेत." वेथाउडर म्हणजे नगरपालिकेतला कारभारी. "नगरपालिकेत जुन्या इमारतींचं खातं त्यांच्याकडेच आहे. स्टोल्कनं बोलावलंय, हॉटेल दाखवायला!"

"सहलीसाठी तो पंप बंद करणार नाही," इरावती म्हणाली. "तपासणी थोडीच आहे ती!"

शनिवारी पहाटे इरावती पुन्हा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरली. पाइपाच्या तोंडाशी लोखंडी कडं होतं. त्याच्यामागे तिनं दुसरा जाड दोर आवळून बांधला. तो हिरव्या थराखालून काठापर्यंत, तिथून भिंतीलगत वर, कप्पीवरून पोटमाळ्यात. टोपली शेजारीच लटकत ठेवली. मार्चपासून तिथे दोर बघायची गावाला इतकी सवय झाली होती, की कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणारही नव्हतं.

सहल आली. सगळ्यांत पुढच्या गोलात वेथाउडरबाई, त्यांच्या शेजारच्या गोलात पांढरा शर्ट आणि तपकिरी बूट घातलेला स्टोल्क. अनिमेष आणि प्रतीक पोटमाळ्यात. इरावती काठावर, गर्दीच्या कडेला.

"आणि हे 'तीन हेरिंग'," रूलोफनं सुरू केलं. "बांधतानाच पुढे झुकवलेलं..."

"पण ते बाजूला का कलतंय?" इरावतीनं विचारलं.

"पुन्हा तू?" रूलोफ कुरकुरला.

स्टोल्क समजूतदारपणे हसला. "चांगला प्रश्न आहे! दुष्काळ, बाळ. तीन आठवडे पावसाचा थेंब नाही, जमिनीतलं पाणी आटलंय. मलाही ओमांसाठी फार वाईट वाटतं."

"म्हणजे तुमच्या वखारीत पाणी नाही? तुम्ही उपसत नाही?"

"एक थेंबसुद्धा नाही!"

"नक्की?"

"मुली, आता पुरे!" रूलोफनं छत्री उगारली. "तर मंडळी, वर बघा. ती तुळई! आजही तिच्यावरून..."

"ओढा!" इरावती मराठीत गरजली.

दोर ताठ झाला. हिरव्या पाण्यातून सळसळत वर आला, थरथरला, आणि तिथेच थांबला. पाइप जड होता. पोरांना तो पेलत नव्हता. स्टोल्कची नजर दोरावरून पाण्याकडे गेली आणि त्याचं हसू मावळलं. "हे काय चाललंय?" म्हणत तो दोराकडे धावला.

"मावशी!" वरून प्रतीक किंचाळला. "हेल्प! लवकर ये!"

"अरे, मी मीटिंगमध्ये..." मावशीचा आवाज आला आणि मध्येच तुटला. मग पोटमाळ्याच्या खिडकीत मावशी दिसली, गळ्यात हेडफोन तसाच. तिनं खाली पाहिलं. ताठ दोर, धावणारा स्टोल्क, काठावर मुठी आवळून उभी असलेली भाची. पुढच्या क्षणी मावशीनं दोर धरला आणि भिंतीला पाय लावून असा हिसका मारला, की काय सांगू!

फस्सऽऽ! हिरवा गालिचा फाटला आणि काळा पाइप पाण्याबाहेर उसळला. त्याच्या तोंडातून पाण्याचा जाड फवारा सुटला, तो थेट दोर पकडायला आलेल्या स्टोल्कच्या छातीवर! पांढरा शर्ट, तपकिरी बूट, सगळं चिंब! तो मागे कोलमडला आणि फुलांच्या कुंडीत बसला. पाइप दोरावर झोकांड्या खात काठावर पाणी ओतत राहिला. पर्यटक दीड मीटर विसरून एकमेकांच्या गोलांत उड्या मारू लागले.

वेथाउडरबाईंनी वाहत आलेल्या पाण्यात हात घातला. "हे तर थंडगार आहे," त्या म्हणाल्या. "आणि स्वच्छ. मेनेअर स्टोल्क, हे पाणी कुठलं?"

"पा... पावसाचं असेल. छपरावरचं..."

"पावसाचं?" इरावती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता. "तीन आठवडे थेंब नाही ना? तुम्हीच सांगितलंत. आत्ता. सगळ्यांसमोर."

स्टोल्क कुंडीतून उठायला धडपडू लागला.

"पत्रे उघडा," वेथाउडरबाई म्हणाल्या. "आत्ता. वेळ न ठरवता."

पत्र्यांआड दोन मोठे पंप घुमत होते. दुपारच्या आत ते बंद झाले, काम थांबलं आणि दारावर नगरपालिकेचं सील लागलं. वेथाउडरबाई ओमाच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "मेव्राउ, तुम्ही कुठेही जाणार नाही. इंजिनिअर सोमवारी येतील. पाया दुरुस्त होईल, खर्च स्टोल्क देतील." मग त्या इरावतीकडे वळल्या. "शाब्बास! तुम्ही मुलांनी गावाचं घर वाचवलंत. पण हे तुम्ही आम्हाला आधीच का नाही कळवलंत?"

"कळवलं होतं!" इरावती उसळली. "तीन फोन केले. तुमचा तपासनीस इथे उभा होता, त्यालाही सांगितलं. तुमच्या माणसांनी मला बाळ म्हटलं, बेटा म्हटलं, माझ्या डचचं कौतुक केलं! फक्त ऐकलं नाही. घर म्हातारं, बाई म्हातारी, पोरं लहान, म्हणजे कुणाचंच ऐकायचं नाही का?"

मावशीनं तिचा दंड धरला. पण या वेळी आवरायला नव्हे, नुसताच घट्ट धरला. वेथाउडरबाईंचे कान लाल झाले. "नाही," त्या म्हणाल्या. "ऐकायला हवं होतं." रूलोफनं तोंडासमोरचा प्लॅस्टिकचा पडदा वर केला आणि ओमाची माफी मागितली. ओमानं त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं, मग केकचा तुकडा दिला.

सोमवारी संध्याकाळी ओमाच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. आई-बाबाही लॅपटॉप घरी ठेवून कापेलहून आले होते. "तुझ्या त्या नाकावरच्या रागाला आता नावं ठेवणार नाही," आई म्हणाली आणि हिरवा झालेला फ्रॉक कुणी धुवायचा यावर बाबांशी वाद घालू लागली. मावशी थालीपीठं थापत होती. ओमानं खोलीच्या मधोमध गोटी ठेवून बघितली. ती अजून डावीकडेच पळत होती, पण इंजिनिअर म्हणाले होते, पायाचं काम झालं की थांबेल.

इतक्यात मावशीचा फोन वाजला. प्रतीकनं उचलला, थोडा वेळ ऐकलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "ताई, तोच गोड आवाज! म्हणतात, आईला नको, मावशीला नको, इरावतीलाच द्या. वेथाउडरबाईंना तिच्याशी बोलायचंय. गावात अजून कुठे समथिंग राँग आहे का, ते विचारायचंय."

इरावतीनं गरम थालीपीठाचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि ओमाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "मी मीटिंगमध्ये आहे."